आणखी कुणी चालवणार आहे का

परंड्यात आमचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. दुकान नवऱ्याचं. मी हायस्कूलवर इंग्रजी शिकवायचे, आता निवृत्त झाले. घरात चारचाकी आहे आणि ती मी चालवायचे. याचं गावाला सुरुवातीला फार नवल वाटलं, मग गाव नवल करून थकलं.

नवऱ्याला चारचाकी येत नाही. एकदा ते शिकायला बसले होते. किल्ल्यामागचं मैदान मोकळं, शेजारी शिकवणारा, समोर कुत्रंसुद्धा नाही. त्या अख्ख्या मैदानात एकच बाभळ आहे. तिलाच त्यांनी गाडी नेऊन भिडवली. उतरले, पँट झटकली आणि म्हणाले, "हे आपलं काम न्हाय." त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. मी त्यावर कधी हसले नाही आणि चारचौघांत कधी तो विषयही काढला नाही. माणसाला भीती वाटू शकते. तो काही गुन्हा नाही.

मी शिकले ती हौसेनं नाही. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बार्शीला न्यावं लागायचं. भाड्यानं सांगितलेली गाडी वेळेवर यायची नाही. फोन केला की "निघालोच बघा" आणि मग तासभर पत्ता नाही. सासूबाई ओट्यावर पाय सुजवून बसलेल्या. एक दिवस मी शाळेतून आले, हे बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच बाभळीच्या मैदानात शिकायला लागले. मग गाडी घेतली, आणि पुढं त्या होत्या तोवर बार्शीला मीच नेलं त्यांना. त्या कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या. पण एकदा परत येताना डोळे मिटूनच म्हणाल्या, "तू चालवली की पोटातलं पानी हालत न्हाय." मला आयुष्यात मिळालेलं ते सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक. शाळेनं दिलेली बाकीची कपाटावर आहेत.

त्या गेल्यावर गाडी माझ्याच हाताला राहिली. तुळजापूर, लातूर, सोलापूर, कुणाचं लग्न, कुणाचं दवाखान्याचं, मीच. आणि मला ते आवडायला लागलं होतं. खरं सांगायचं तर स्टिअरिंगवर बसले की मला कुणी काही विचारत नाही आणि सांगत नाही, असा वेळ मला दुसरीकडं कुठंच मिळत नव्हता. तुळजापूरच्या घाटात तर मी मुद्दाम खिडकी खाली करायचे. गिअर बदलताना इंजिनचा आवाज ऐकायला बरं वाटतं.

निवृत्तीनंतर मोबाईलवर बघता बघता मला एक घाट सापडला. स्वित्झर्लंडमधला गॉटहार्ड. डोंगरावर चढत जाणारा रस्ता, एकाखाली एक वळणं, वर पोचलं की पलीकडं इटलीच्या बाजूला उतरणारी जुनी दगडी फरसबंदी. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल ते विचारू नका. कुठल्या वळणावर गाडी किती आत घ्यायची, हे मी स्वयंपाक करता करता ठरवत असायचे.

सोलापूरला दीर आहेत, बँकेत अधिकारी. त्यांनी युरोपची टूर काढली आणि आम्हालाही विचारलं. टूरवाल्यांच्या बसमध्ये बसून झेंडा धरलेल्या माणसामागं पळायचं मला नको होतं. मी म्हटलं, "आपण चौघंच जाऊ. तिथं गाडी भाड्यानं घेऊ. मी चालवते." आधी सगळे हसले. मग नवऱ्याच्या लक्षात आलं की बस नसली तर सकाळी लवकर उठावं लागणार नाही. त्यांचा होकार आला. जाऊबाईंना कुठंही चालत होतं.

दुकानात ही बातमी पसरली. आमच्याकडं गाडी भाड्यानं सांगायची म्हणजे तिच्याबरोबर ड्रायव्हर येतो, त्याच्या चहाजेवणासकट. तिकडं नुसती गाडी मिळते हे कुणाच्या पचनी पडेना. एकानं विचारलं, "मग ड्रायव्हर काय जर्मन मिळतो का काय?" नवरा गल्ल्यावरून ऐटीत म्हणाला, "ड्रायव्हर घरचाच हाय आपल्या." तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं. मी आतल्या दारात उभी राहून लाजलेसुद्धा. आता वाटतं, त्यांनी जे म्हटलं ते अगदी मोजूनमापून म्हटलं होतं, मीच जास्त ऐकलं.

तिकडं उजव्या बाजूनं चालवायचं, म्हणून मी रोज सकाळी मैदानात जाऊन सराव सुरू केला. दगड मांडून चौक करायचे, गोल फिरायचे, उजवीकडून निघायचे. तिथं सकाळी एक निवृत्त एसटी कंडक्टर फिरायला यायचे. दोन दिवस त्यांनी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी आले. "बाई, उलट्या बाजूनं का चालवायलाव?"

"युरोपात अशीच चालवतात."

"आन् समोरून येनारा?"

"तोही उलट्या बाजूनंच येतो."

त्यांनी विचार केला. "मग बरोबर हाय," म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून समोरून येणारी गाडी स्वतः झाले. तोंडानं हॉर्न वाजवत माझ्या डावीकडून चालत जायचे. हसून हसून माझे डोळे भरायचे. त्या सकाळी मी किती सुखात होते हे आठवलं की आता संताप येतो.

धाराशिवला आरटीओत जाऊन मी आंतरराष्ट्रीय परवाना काढला. नवरा म्हणाला, धाकट्यालाही काढू दे, असू दे हाताशी. दिरांनी काढला. गाडीचं बुकिंग मी केलं, माझ्या नावानं. त्यात अट होती की अनामतीसाठी क्रेडिट कार्ड लागेल आणि ते गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. मी वाचलं आणि नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, "हाय की आपलं कार्ड." मी म्हटलं, ते तुमच्या नावावर आहे. ते म्हणाले, "माझं काय आन् तुझं काय? एका घरात दोन कार्डं कशाला?"

आणि मला ते पटलं. का पटणार नाही? माझ्या फोनचं सिम त्यांच्या नावावर. गॅस त्यांच्या नावावर. घर त्यांच्या नावावर. गाडी माझ्या पगारातून आली आणि नाव लागलं दुकानाचं, कारण टॅक्सला सोयीचं. माझ्या पगाराचं एटीएम कार्ड सुरुवातीपासून गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये असायचं. पगार झाला हे मला शाळेतल्या बायकांकडून कळायचं. कधी कशाला अडलं नव्हतं. परंड्यात कोण विचारतंय नाव कुणाचं आणि माणूस कोण? "अमक्यांच्या घरचे" म्हटलं की काम होतं. जगातही तसंच होत असेल असं आम्ही चौघंही शिकलेली माणसं धरून चाललो.

श्रावण संपल्यावर निघालो. म्युनिकच्या विमानतळावर गाड्यांचा काउंटर. पलीकडं एक तरुण मुलगी, चेहरा शांत. मी परवाना दिला, पासपोर्ट दिला, बुकिंगचा कागद दिला. नवऱ्यानं पुढं होऊन कार्ड दिलं. तिनं कार्डावरचं नाव वाचलं, माझा पासपोर्ट वाचला आणि विचारलं, "हे कार्ड आपलं आहे का?"

मी म्हटलं, माझ्या पतीचं आहे.

"आपल्या स्वतःच्या नावाचं कार्ड आहे का?"

तिनं हे सरळ साधेपणानं विचारलं होतं. पण ते तिघं माझ्याकडं वळून बघायला लागले, मी पर्समध्ये इतकी वर्षं काहीतरी लपवून ठेवल्यासारखं. मी नाही म्हटलं. नवरा मराठीतून तिला समजावू लागला, "अवो, नवराबायको हाय आमी. एकच असतंय ते." मग हिंदीतून. मुलीनं नम्रपणे मान हलवली. नियम तिचा नव्हता, पण तो तिथं होता.

तेवढ्यात दीर पुढं झाले. "सरका वहिनी, काळजी कशाला करता? माझं कार्ड आहे, परवाना आहे. घेतो मी." खरंच, किती सोपं होतं. मुलीनं माझा कागद बाजूला ठेवला आणि त्यांच्या नावानं नवा भरायला घेतला. भरता भरता तिनं विचारलं, "आणखी कुणी चालवणार आहे का?"

एवढा एक प्रश्न होता. माझा परवाना अजून तिच्यासमोर काउंटरवर पडलेला होता. दुसऱ्या चालकाला कार्ड लागत नाही. आम्ही तिला नुसतं हो म्हणायचं होतं. एक शब्द.

"नो," नवरा म्हणाला.

मी इंग्रजी शिकवत आले, त्यांना ते जेमतेम येतं, पण हा शब्द त्यांनी अगदी खणखणीत उच्चारला. दीर बूट बघत होते. आणि मी? दिरासमोर, परक्या मुलीसमोर नवऱ्याचं बोलणं खोडायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की तोंड उघडेपर्यंत छपाई सुरू झाली होती. मुलीनं मला माझा परवाना परत दिला. मी तो पर्समध्ये ठेवला.

बाहेर पार्किंगमध्ये मी विचारलं, "नाही का म्हणालात?"

"आता त्यात आन् भानगड कशाला? एक चालवनारा बास की." ते खरोखरच सहज म्हणाले. त्यांच्या मनात काहीही नव्हतं. तेच मला अजून सलतं. मनात काही असतं तर भांडता आलं असतं.

तर मी मागं बसले. जाऊबाईंच्या शेजारी, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन. दीर सोलापुरात घर ते बँक एवढी गाडी चालवतात. पहिल्या गोल चौकात ते बाहेर पडायचा रस्ताच विसरले आणि आम्ही तिथं फिरत राहिलो. जाऊबाई देवाचं नाव घ्यायला लागल्या. मी मागून सांगितलं, "भाऊजी, आता उजवीकडं घ्या." नवरा पुढून म्हणाला, "अगं, त्याला सुचू दे की." मग मी सुचू दिलं. ऑस्ट्रियाचे डोंगर आले. सगळे फोटो काढत होते. मला आरशातून दिरांचे कपाळावरचे घामाचे थेंब दिसत होते, आणि माझा पाय मागच्या सीटखाली उगाचच ब्रेक दाबत होता.

ऑस्ट्रिया झाला, लिख्टेनस्टाइन की काय तो चिमुकला देश चहा पिऊन होईपर्यंत संपला, स्वित्झर्लंड आलं. तिसऱ्या मुक्कामापर्यंत दिरांचा हात बसला होता. ते मोबाईलच्या स्टेटसवर स्टिअरिंगसकट स्वतःचे फोटो टाकायला लागले होते. खालून अंगठे यायचे, "भाऊ नादच खुळा." मग गॉटहार्ड आला.

दूरवर डोंगराच्या अंगावर तो रस्ता दिसला. व्हिडिओत दिसायचा तसाच, वळणावर वळण. मी पुढं वाकले. "भाऊजी, वरून जायचं आहे आपल्याला."

"वहिनी, खालून बोगदा आहे की. मॅपही तोच दाखवतोय. घाट कशाला उगाच?"

"मग एवढा घाट मला चालवू द्या. नुसता घाट. पलीकडं उतरलं की परत तुम्ही घ्या."

माझा आवाज कसा आला होता मला माहीत नाही, पण जाऊबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. दीर अधिकाऱ्याच्या स्वरात म्हणाले, "तुमचं नाव कागदावर नाही वहिनी. काही झालं तर विमा मिळणार नाही. नियम म्हणजे नियम." ते खोटं नव्हतं. नवरा म्हणाला, "घाट घाटच असतोय. आपला तुळजापूरचा काय वायला हाय?"

आम्ही बोगद्यात शिरलो. पिवळे दिवे, राखाडी भिंत, पुढच्या गाडीचे लाल दिवे. लई लांब बोगदा आहे तो. माझा घाट माझ्या डोक्यावरून चालला होता आणि मी भाकरीचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी रडले. तोंड खिडकीकडं होतं, आणि बोगद्यात खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नसतं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

इटली झाली. परत म्युनिककडं निघालो, आणि ऑस्ट्रियाच्या हद्दीच्या अलीकडं महामार्गावरच्या एका थांब्यावर बॅग उचलताना दिरांची कंबर धरली. भर दुपार होती. ते बाकावर तिरके बसले, उठता येईना. जाऊबाईंनी मलम चोळलं. नवऱ्यानं किल्ली उचलून माझ्यासमोर धरली. "घे. चालव आता तू."

"माझं नाव नाही कागदावर."

"वहिनी, कोण बघतंय इथं?" दीर कण्हत म्हणाले. "सरळ रस्ता आहे."

"गॉटहार्डला कोण बघत होतं?"

मग नवरा तापला. "मानूस कळवळायलाय हितं, आन् तू नियम काढायलीस व्हय? एवढा ताठा बरा न्हाय."

मी म्हटलं, "गाडीवाल्यांना फोन लावा. इंग्रजीत मी बोलते. भाऊजींनी फक्त हो म्हणायचं, की हिचं नाव घाला. नाव लागलं की या क्षणी चालवते. तुमच्या सगळ्यांच्या पोटातलं पाणी हलू देणार नाही." हे शेवटचं मी त्यांच्या आईचं बोलले. त्यांना ओळखू आलं का, कळलं नाही.

दिरांनी मोबाईल हातात घेतला. बघितला. मग बाजूला ठेवला. "थोडं पडतो," म्हणाले. "बरं वाटंल." जाऊबाईंची शाल गवतावर अंथरून, दोन गोळ्या घेऊन ते आडवे झाले. नवरा येरझाऱ्या घालत राहिला. सावल्या लांब होईतो आम्ही तिथं बसलो. एक फोन करावा लागला असता. तो त्या दोघा भावांना जड झाला. कंबर मोडून पडणं सोपं गेलं. संध्याकाळी दीर उठले आणि दात खात स्वतः गाडी चालवत निघाले. वाटेत जाऊबाईंनी फक्त एकदा कानात विचारलं, "अक्का, घेतली असती तर काय झालं असतं?" मी म्हटलं, "तुला सांगून उपयोग नाही." त्यांना वाईट वाटलं असणार. मला त्याचंही काही वाटलं नाही.

घरी आलो. हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी सुरू झाली होती. नवऱ्याला बार्शीला कंपनीच्या बैठकीला जायचं होतं, म्हणून मी साडी बदलून, किल्ली घेऊन दुकानात आले. आतल्या दारात होते तोच ओळखीचा आवाज आला. कंडक्टर. बियाणं न्यायला आले होते आणि मोठ्या उत्साहानं विचारत होते, "मग? बाईंनी चालवली का उलट्या बाजूनं?"

"न्हाय हो," नवरा पिशवी बांधत म्हणाला. "धाकट्यानंच चालवली समदी. हिला चालव म्हनलं होतं, किल्ली हातात दिली. घेतली न्हाय. भ्याली."

पिशवीला गाठ मारून त्यांनी ती काट्यावर ठेवली. बाभळीला गाडी भिडवणारा माणूस. ज्याच्या आईला मी पावसापाण्यात, टायर पंक्चर करणाऱ्या रस्त्यावरून न्यायचे, तो माणूस. आणि तो खोटं बोलत होता असंही नाही. त्या थांब्यावर बाकावर त्यांना तेवढंच दिसलं होतं.

कंडक्टरनी मला पाहिलं. मी पुढं आले आणि गाडीची किल्ली गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये टाकली, जिथं इतकी वर्षं माझं एटीएम कार्ड असायचं.

"का गं? चल की, उशीर व्हायलाय," नवरा म्हणाला.

"मला भीती वाटते."

ते हसले. त्यांना चेष्टा वाटली. दुसऱ्या दिवशी वाटली नाही.

गाडी शेडमध्ये उभी आहे. बॅटरी उतरली असेल. काचेवर धुळीचा थर बसलाय, मांजरीनं बोनेटवर जागा धरलीय. नवरा बार्शीला एसटीनं जातो, सोलापूरला जायचं तर आधी कुर्डुवाडीची गाडी पकडतो. परत आल्यावर गुडघे चोळत बसतो. मध्ये ते म्हणाले, तुझ्या नावानं कार्ड काढू की एखादं. मी म्हटलं, एका घरात दोन कार्डं कशाला? मला सुख मिळतंय असं कुणी समजू नये. पहाटे कधी हात शिवशिवतात, मैदानाच्या बाजूनं एखादी गाडी गेली की गिअर ऐकू येतो, आणि मी उठून बसते. मला गाडी चालवण्यासारखं दुसरं काहीही आवडलं नव्हतं. पण आता लग्नाकार्यात, दुकानात, शाळेतल्या जुन्या बाया भेटल्या तरी, कुणीही विचारलं की बाई, गाडी का बंद केली, तर मी नवऱ्याकडं बघते, त्यांना नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगते: "मला भीती वाटते."